मालकांना जागेवर बसवणारी हेस्टर

हेस्टर पॉबजॉय हसली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या वाजायच्या. लंडनमध्ये पटनीला नदीकाठी थॉर्लीसाहेबांचं मोठं घर होतं, तिथली ती स्वयंपाकीण. माझं भाजीचं दुकान त्या घराच्या मागेच, त्यामुळे दुपारचा चहा मी तिच्या स्वयंपाकघरातच प्यायचे. साहेबांची बायको लवकर गेली, तेव्हा पाळण्यातल्या लेटिसला हेस्टरनेच उचलून घेतलं आणि वाढवलं. जमलं तसं साहेबांनाही वाढवलं म्हणायला हरकत नाही.

साहेब मोठे चित्रकार. शिवाय भिंतीचे कागद, पडदे, गालिचे, चर्चच्या खिडक्यांच्या काचा, सगळ्यांची नक्षी त्यांची. लोकर स्वतः रंगवायचे, त्यामुळे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. नामांकित चित्रकारांनी त्यांची चित्रं काढली होती, पण एकही धड नव्हतं. कोणी आपल्याकडे टक लावून बघतंय म्हटलं की साहेबांच्या कपाळावर आठ्या चढायच्या, आणि घटकाभरात ते उठून त्या चित्रकाराचीच रेघ सुधारायला लागायचे.

त्यात लेटिसचं लग्न ठरलं. नवरा न्यूझीलंडचा, म्हणजे गेली की गेलीच. एका दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन मुसमुसायला लागली.

"हेस्टी, मी बाबांचं कुठलं चित्र नेऊ गं? एकात जणू ते कोणाला तरी फाशी सुनावतायत, दुसऱ्यात जणू दाढ दुखतेय. ते हसतात कसे, हेच मी विसरून जाईन एक दिवस."

"रडू नकोस, नाक लाल होतंय," हेस्टर म्हणाली. पण मी तिचा चेहरा बघितला. बाईच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना खाली बोलावलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि त्यांनीच रंगवलेल्या लाल लोकरीची लड त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली. "धरा जरा. मला लोकरीचा गुंडा करायचाय."

"मी? मला कामं आहेत, हेस्टर!"

"मग सोडा खाली. होऊ दे गुंता. रंगाची तुम्हालाच कदर नाही तर आम्ही काय करणार?"

आपली लोकर साहेबांना जिवापलीकडे. बसले मुकाट्याने, हात वर धरून. समोर कोठीचं दार किंचित उघडं होतं, आणि आत कॅनव्हास लावून बसल्या होत्या मिस ट्रिंग, लेटिसच्या चित्रकलेच्या बाई. रंगांचा वास लपवायला हेस्टरने शेगडीवर हेरिंग मासे तळायला घेतले होते.

मग हे रोजचंच झालं. हेस्टर सावकाश लोकर गुंडाळायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. पाद्रीबाईंची नक्कल, खाटकाच्या नव्या मिशा, साहेबांनी लहानग्या लेटिसची बाहुली निळ्या रंगात बुचकळली होती ती गोष्ट. साहेब पोट धरून हसले असते, पण हात अडकलेले! मग दाढीतल्या दाढीत गदगदायचे. संध्याकाळी मी आणि हेस्टर गुंडा उलगडून पुन्हा लड करायचो. माशांमुळे दाराशी सगळ्या वस्तीची मांजरं गोळा व्हायची, आणि घरात सगळ्यांना हेरिंग नको झालं होतं.

एके दिवशी लोकर संपली तरी साहेबांचे हात वरच.

"झालं की, मालक," हेस्टर म्हणाली.

"कोठीतल्या बाईंना विचार आधी. त्यांचं झालं का?"

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. हेस्टर पांढरीफटक. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, सगळा जन्म रंगात गेला माझा. हेरिंगच्या धुराने टर्पेंटाइन लपतं होय? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग उठून का नाही गेलात? एरवी तर पाच मिनिटं बसत नाही!"

साहेब रिकाम्या हातांकडे बघत राहिले. "तिथे पोरीला मुलंबाळं होतील. त्यांना आजोबा दिसायचा तर हसताना दिसू दे." मग लगेच ओरडले, "आणि तो मासा बंद कर आता, देवाच्यान!" हेस्टर हसली ती डोळे पुसत.

लेटिस निघायच्या आदल्या दिवशी चित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेकवून ठेवलं. साहेब हात वर धरून बसलेत, दाढी हसण्याने फुललीय, डोळे बारीक झालेत. लेटिसने जवळ वाकून बघितलं. मग हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. "हेच बाबा," म्हणाली, "हेच!" साहेब मात्र खिडकीबाहेर नदी बघत उभे.

हेस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चांगलंय. इतके दिवस घसा कोरडा केला मी, पण चित्रात माझं नखही नाही."

साहेबांच्या हातातून निघालेला लाल धागा चित्रात सरळ चौकटीपर्यंत गेला होता. लेटिसने त्यावरून बोट फिरवत आणलं आणि कडेला थांबवलं.

"इथे आहेस की तू. बाबा असे कोणाकडे बघून हसतात, ते मला सांगायला नको."

हेस्टरने तिला छातीशी ओढलं, इतकं घट्ट की पोरीची प्रवासासाठी घेतलेली नवी टोपी पार चेपली, आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.