सतरंजी विहाराची आहे

"माफ केलं म्हण, बेटा."

असं म्हणून सुगत वकिलानं माझ्या नातीच्या हातात प्लास्टिकचं सूर्यफूल दिलं.

शाळेचा हॉल. खाली सतरंजी. तिच्यावर गोल करून बसलेली माणसं. मधात माझी तेजू एकटी उभी. सातवीतली पोट्टी. समोर हेडमास्तरीण मॅडम रुमालानं डोळे पुसून राहिल्या होत्या. एक पोरगी मोबाईल धरून शूटिंग करून राहिली होती.

मॅडम रडल्या म्हणून कोणी पाण्याची बाटली आणली. कोणी पाठीवरून हात फिरवला. तेजूले पाणी कोणी विचारलं नाही. संडास तिनं धुतले. माफी तिच्याजवळूनच पाहिजे. आणि रडायचा मान मॅडमचा.

तेजूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकच गोष्ट होती. आबाजी, हे तुमाले माहीत होतं का?

मले माहीत नव्हतं. पण ज्या सतरंजीवर हे सगळं चाललं होतं, ती मीच खांद्यावर वाहून आणली होती.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत गुरुजीनं शाळेमागचं मेलेलं कुत्रं उचलाले सांगितलं. वर्ग भरला होता, पण सांगितलं मलेच. मी नाही म्हटलं. गुरुजी म्हणे, मग उद्यापासून येऊ नको. नाही गेलो. माझ्या बापानं दीक्षा घेतली तव्हा मी आईच्या कडेवर होतो. बाप म्हणे, तू ते कुत्रं उचललं असतं तर मी तुले घरात घेतलं नसतं. झालं. शाळा तिथंच सुटली.

पुढं सेंट्रिंगचं काम धरलं. स्लॅब भरायच्या आधी खालून फळ्या आणि बल्ल्यांचा टेका देतात, ते काम. प्रताप नगरकडे कितीतरी घरं आधी माझ्या बल्ल्यांवर उभी राहिली, मग स्वतःच्या पायावर. कोणाच्या दारात हात पसरला नाही. कोणाले मालक म्हटलं नाही. ठेकेदार मले अकडू म्हणे. म्हणो.

पोरगा गेला, तेव्हापासून घरात आम्ही तिघं. मी, सून आणि तेजू. सून बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत जाते. सकाळी अंधारात बस पकडते. तेजूची वेणी ती घालते, डबा मी भरतो.

या हिवाळ्यात तेजू जेवतांना चमचा मागाले लागली. पोळीचाही तुकडा चमच्यानं भाजीत बुडवे. मी मजाक केली. म्हटलं, "काय वं, मेमसाहेब झाली का? उद्या काटा मागशील."

ती हसली नाही. हात मागं घेतले. म्हणे, "आबाजी, हाताचा वास जात नाही."

मग एकेक निघालं. शाळेतली झाडूवाली बाई काम सोडून गेली होती. मॅडमनं श्रमदान सुरू केलं. कोणाले झाडांना पाणी, कोणाले फळा पुसणं. संडास आमच्या वस्तीतल्या पोरींकडे. दर वेळी आमच्याच. एका पोरीनं विचारलं, काहून आम्हीच? मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला घरी सवय असते ना."

माझ्या घरात कोणाले कसली सवय आहे, हे त्या बाईले कोणं सांगितलं?

तेजूनं एक दिवस नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं तिले प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं उभं केलं. म्हणाल्या, "हिला कलेक्टर व्हायचंय. झाडू धरायला लाज वाटते." सगळे पोट्टे हसले. त्यानंतर तेजूनं झाडू धरला. आणि घरी येऊन चमचा धरला.

मी ऐकून घेतलं. सून तर उभीच राहिली. म्हणे, "मामाजी, आत्ता ठाण्यात चाला. ॲट्रॉसिटी लावू." मी चप्पल घातली होती. खोटं नाही सांगत, एक पाय दाराच्या बाहेर होता.

तेवढ्यात सुगत आला.

सुगत कोण ते सांगतो. त्याचा बाप माझा जोडीदार होता. एका बल्लीचं एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. तो लवकर गेला. सुगत कॉलेजात असतांना परीक्षेच्या दिवसात आमच्याच घरी जेवे. आमच्या वस्तीतला पहिला वकील. तो काळा कोट घालून पहिल्यांदा विहारात आला तव्हा बायांनी त्याची दृष्ट काढली. मले काका म्हणते. मी त्याले कधी साहेब म्हटलं नाही, पण मनात होता तो साहेबच.

काही दिवसांआधी आमच्या भागात एक मानवाधिकार आयोग निघाला. सरकारी नव्हे. शहरातले वकील, प्रोफेसर, रिटायर अधिकारी, अशांनी मिळून काढलेला. शाळाशाळांत जाऊन पोरांना हक्क शिकवायचे, वस्तीत मीटिंगा घ्यायच्या, असं त्याचं काम. सुगत त्याचा सचिव. नावात आयोग होतं, आणि आमच्या लोकांना आयोग म्हटलं की कोर्टाचा लहान भाऊ वाटते. पहिल्या मीटिंगले कोणी येईना. मी दारोदार गेलो. म्हटलं, आपल्या सुगतचं आहे, चाला. माझ्या शब्दावर आले लोक.

तर सुगत दारात बसला. सगळं ऐकलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या, ते मी पाहिलं. म्हणे, "काका, ठाण्यात गेले तर तारखांवर तारखा. पोरीले दहा वेळा तेच विचारतील. आयोगात या. मॅडमले सगळ्यांपुढं बसवतो. जे केलं ते त्यांच्या तोंडून कबूल करून घेतो. मग ठाण्यात जायचं का नाही, तुमी ठरवा."

सून म्हणे, "लिहून द्या."

मी तिले गप्प केलं. म्हटलं, घरचा पोरगा आहे.

सुगतनं मीटिंगची पद्धत सांगितली. टेबल नाही, खुर्ची नाही, स्टेज नाही. सगळे खाली गोल बसणार. हातात फूल ज्याच्या, तोच बोलणार. बाकी ऐकणार. मॅडमही खालीच, तेजूही खालीच. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

हे मले पटलं. इथंच मी फसलो, आणि माझ्यासारखा कोणीही फसला असता. कारण आम्ही विहारात असेच बसतो. एक सतरंजी. तिच्यावर वकीलही आणि रिक्षावालाही. वंदना एका आवाजात. लहानपणापासून मी एकच जागा पाहिली जिथं बसल्यावर माणूस माणसाएवढा होते, ती ही सतरंजी. मले वाटलं, शाळेत ती टाकली की शाळाही तशी होईल.

सुगतनं विचारलं, हॉलमधे टाकाले सतरंजी मिळेल का? मी विहारातली काढली. मोठी, निळ्या पट्ट्यांची. वस्तीतल्या बायांनी वर्गणी करून घेतलेली. झटकली, घडी केली, आणि खांद्यावर टाकून शाळेत नेली. सुगत म्हणे, ऑटो करतो. मी म्हटलं, राहू दे. ही मीच नेईन.

मॅडम त्या सतरंजीवर बसल्या. पण आधी शिपायानं त्यांच्या बुडाखाली एक गादी टाकली. गुडघ्याचा त्रास म्हणे. गुडघा माझाही दुखते.

फूल आधी मॅडमच्या हातात गेलं. त्या बोलल्या ते असं. त्यांची किती वर्षं नोकरी झाली. पोरं म्हणजे त्यांची लेकरं. त्या स्वतः घरी संडास धुतात. "तरी कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मला वाईट वाटतं." मग रडल्या.

संडास कोणाकडून धुवून घेतले, ते नाही. सवय असते म्हटलं, ते नाही. प्रार्थनेत उभं केलं, ते नाही. 'असतील तर' म्हणाल्या. मी वाट पाहून राहिलो की आता सुगत विचारेल. वकील आहे. विचारणं त्याचा धंदा आहे.

सुगत म्हणाला, "फार मोठं मन लागतं हे बोलायला." गोलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फूल हातोहात फिरत माझ्या शेजारच्या प्रोफेसरपर्यंत आलं. त्यानं ते माझ्याकडे केलं. सुगतनं वाकून मधातच घेतलं. हळूच म्हणे, "काका, आता नको. वातावरण चांगलं झालं आहे."

आणि तेजूले मधात उभं करून ते फूल त्यानं तिच्या हातात दिलं. माफ केलं म्हण, बेटा.

तेजूनं माझ्याकडे पाहिलं, ते मी सांगितलं. मग मान खाली घालून बोलली. "मी मॅडमना मनापासून क्षमा केली आहे. आपण सगळे एकाच परिवाराचे सदस्य आहोत."

एका दमात. कवितेसारखं.

माझी नात असं बोलत नाही. क्षमा हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. मी बसल्या जागेवरून विचारलं, "तेजू, हे तुले कोणं शिकवलं वं?"

तिनं सुगतकडे पाहिलं.

सगळ्यांनी पाहिलं तिनं पाहिलं ते. मोबाईलवाल्या पोरीनं मोबाईल खाली केला. सुगत म्हणे, "काका, फूल तुमच्याकडे नाही. पद्धत पाळा."

मी उठलो. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लागला, पण उठलो. सतरंजीचं टोक धरलं. म्हटलं, "उठा सगळे. सतरंजी विहाराची आहे."

कोणाले कळलं नाही. प्रोफेसर हसून म्हणाले, "आजोबा, बसा, बसा." मी टोक ओढलं. जोरानं नाही. पण स्लॅबखालची बल्ली ओढणारा हात आहे, अजून जोर आहे. एक उठला, मग दुसरा. मग सगळे अनवाणी फरशीवर उभे, चपला शोधून राहिले. मॅडम शेवटी उठल्या. त्यांची गादी मी बाजूले ठेवली. ती आमची नव्हती.

सुगत माझ्या कानाशी आला. "काका, इज्जत जाऊन राहिली माझी." मी म्हटलं, "दुसरं टोक धर, नाहीतर बाजूले हो."

त्यानं धरलं नाही. तेजूनं धरलं. हातातलं फूल तिनं खाली ठेवलं आणि टोक धरलं. आम्ही आजा-नातीनं सतरंजीची घडी केली.

रस्त्यानं तेजूनं सांगितलं. सुगतकाका आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत आला होता. मॅडमच्या केबिनमधे, मॅडमच्या समोर, त्यानं तिच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतलं. चुकली की परत. आणि म्हणे, आबाजीले सांगू नको, त्यांना सरप्राइज देऊ.

माझ्या घरी जेवलेला पोरगा. माझ्या नातीले माझ्यापासून लपवाले शिकवून गेला.

संध्याकाळी आला. दारातच उभा राहिला, मी बस म्हटलं नाही. तो बोलत गेला. ही पहिली शाळा जिनं आयोगाले आत येऊ दिलं. ही तुटली तर बाकीच्याही दार लावतील. मग कोणत्या पोराले हक्क शिकवायचे? मोठ्या कामासाठी कधी कधी लहान गोष्ट गिळावी लागते.

मी विचारलं, "लहान गोष्ट कोण? तेजू?"

तो म्हणे, "काका, तुमाले झगडाच पाहिजे."

"मले झगडा पाहिजे असता तर त्या दिवशीच ठाण्यात गेलो असतो. मले तू पाहिजे होता."

तो दारातूनच वळला. गेला.

पण त्याआधीच आयोगाकडून फोटो गेला होता. तेजूच्या हातात सूर्यफूल, समोर मॅडम, खाली लिहिलेलं, क्षमेतून समता. वस्तीतल्या सगळ्या मोबाईलवर. ज्या बाया माझ्या शब्दावर त्या मीटिंगांना गेल्या होत्या, त्यांच्याही पोरींनी संडास धुतले होते. त्या म्हणाल्या, "बाबाजी, तुमच्या नातीनं तर माफ केलं. आता आमी काय बोलू?"

सकाळी सुनेनं कंपनीत खाडा केला. तिनं मले काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणे, "मामाजी, चप्पल घाला."

ठाण्यात हवालदारानं आपला मोबाईल आमच्यापुढं धरला. तोच फोटो. "मिटलं ना तुमचं? आयोगानं मिटवलं. आता कशाले पोरीची बदनामी करता?"

सुगतनं फक्त आम्हाले फसवलं नव्हतं. पुढचं दारही लावून ठेवलं होतं.

मी बाकावर बसलो. म्हटलं, लिहेपर्यंत इथंच आहे. सून बसली. तेजू बसली. दुपार झाली. शेवटी एक लेडीज पोलीस आली, तिनं तेजूले विचारलं, "तू माफ केलं ना गं?"

तेजू म्हणाली, "मी नाही केलं. मले पाठ करून देलं होतं."

तिच्या बोलीत. न चुकता. हे तिले कोणं शिकवलं नव्हतं. बाईनं कागद ओढला आणि लिहाले घेतलं.

पुढं काय होईल, मले माहीत नाही. तारखा पडतील. सुगत म्हणे तसंच होईल कदाचित, दहा वेळा विचारतील. मॅडम त्याच खुर्चीवर आहेत. वस्तीतले काही लोक माझ्याशी बोलत नाहीत, बुढ्यानं आपल्याच माणसाले बदनाम केलं म्हणतात. आयोगाचा माणूस परवा विहारात आला होता, दुसऱ्या शाळेसाठी सतरंजी मागाले. मी दिली नाही. विहाराची किल्ली माझ्याजवळ आहे.

काही जण सांगतात, पोरीचं नाव काढून घ्या, दुसऱ्या शाळेत टाका. नाही काढत. मी नाही म्हटलं तव्हा माझी शाळा गेली. तव्हा दोनातलं एकच मिळे, एकतर 'नाही', नाहीतर शाळा. तेजू रोज त्याच शाळेत जाते. पुढच्या बाकावर बसते. झाडूले हात लावत नाही. प्रार्थना संपेपर्यंत मी गेटसमोर उभा असतो, मॅडमले दिसेल असा.

आम्हाले आता दोन्ही पाहिजे. नाही म्हणणंही पाहिजे, आणि शाळाही पाहिजे.