संत अंतोनीचा पाव

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक फिलोमिना सिस्टरकडं पळायचे. बाई निवृत्त नर्स, कॅथलिक. तिच्या खिडकीत संत अंतोनीची मूर्ती होती, आणि हा संत हरवलेलं शोधून देतो म्हणे. किल्ली हरवलेल्याला सिस्टर आधी विचारायची, "खिसे बघितलेस? मग त्याला कशाला उठवतोस?"

मी जतकडचा, चौथी शिकलेला, मिल्ट्रीत ट्रक चालवलेला माणूस. मला तिचं रोखठोक बोलणं पटायचं. तेरा जूनला संताचा सण, त्या दिवशी ती गरिबांना पाव वाटायची. एकदा मी विचारलं, "त्यानं माशांपुढं प्रवचन केलं म्हणत्यात, खरं का?"

"अहो दादा, माणूस खरा. त्याचं बोलणं गाजलेलं, तेही खरं. या तारखेला वारला, म्हणून सण. माशांचं लोक सांगतात. मला ऐकायला आवडतं, पण मी तिथं नव्हते."

गेल्या साली माझी बायको हौसा कॅन्सरनं खंगली. गल्लीतल्या बायकांनी तिच्या डोक्यात भरवलं, सणादिवशी मागितलेलं संत देतोच. आदल्या दिवशी हौसानं सिस्टरचा हात धरला. "बरी झाले तर टोपलीभर पाव वाटीन. हुईन न्हवं बरी?"

हो म्हण बाई, एवढंच माझ्या मनात.

"ते मी सांगणार नाही, हौसाताई," सिस्टर म्हणाली. "संतानं तसं कुणाला लिहून दिलेलं नाही. पाव भुकेल्यासाठी असतो, बरं होण्याचं भाडं नव्हे. बरी झाल्यावर कशाला? उद्याच वाटू."

मला लय राग आला. हौसा मात्र म्हणाली, "मग मला रिक्षात घाला."

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी, रिक्षात बसूनच, तिनं पेशंटच्या नातेवाइकांना पाव वाटले. एका म्हाताऱ्यानं आणखी एक मागितला. "दोन घ्या की बाबा, पर दात हायत का?" म्हणाली, आणि स्वतःच खळखळून हसली. म्हातारा बोळकं दाखवून हसला.

पाऊस सरायच्या आत हौसा गेली. औंदा जानेवारीत सिस्टरही गेली. आता पाव मी वाटतो.

या सणाला फाटकाशी शेजारची सून कुणाला तरी सांगत होती, "ह्या पावानं हौसाकाकूंचं दुखणं थांबलं हुतं."

मी मधेच तोडलं. "थांबलं न्हाई, पोरी. मरस्तोवर कण्हली. त्या दिवशी हसली, तेवढं खरं. मी तिथं हुतो."