पाणकणसाच्या भरवशावर

बिलोलीकडच्या आमच्या गावात जो पाझर तलाव आहे, त्याचा अर्धा काठ पाणकणसानं भरलेला असतो. माणसाच्या डोक्यावर जाणारी पाती आणि शेंड्याला तपकिरी, मऊ कणीस. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं की पाणकणीस उभं आहे तिथं पाय टेकतो. खोल पाण्यात ते उगवतच नाही. गावातले सगळे म्हशीवाले याच भरवशावर पाण्यात उतरतात.

दसरा होऊन गेला होता. धारेची वेळ टळत चालली तरी आमची म्हैस पाणकणसात घुसून बसलेली. मी पेंडीची बादली घेऊन काठावर आले होते, कारण कडी वाजवली की ती येते. पण आबांना धीर कुठला! "बादली वाजवत कवर बसतीस? मी आणतो," म्हणाले आणि धोतर खोचून उतरलेसुद्धा. सत्तरी ओलांडली तरी हेका तसाच. मी चिडून बादली खाली ठेवली.

थोड्याच वेळात ते पात्यांत दिसेनासे झाले. ते कुठवर गेलेत हे मला हलणाऱ्या कणसांवरून कळत होतं. एक कणीस हलायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. तेवढ्यात डावीकडं मोडकी बाभळ दिसली. कणसं तिच्याच रोखानं हलत चालली होती.

दोन उन्हाळ्यांमागं आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होते, तेव्हा शेतात टाकायला गाळ काढून घेतला तो मी. जागा याच बाभळीसमोरची. वरचा गाळ संपला तरी खाली काळीभोर माती लागत होती. मशीनवाला म्हणाला, "ताई, लई खोल चाललंय." मी म्हणाले, "घ्या अजून." हाव सुटली होती, दुसरं काही नाही. आता तिथंही हिरवंगार पाणकणीस दिसत होतं.

"आबा, थांबा! पुढं जाऊ नका!"

"कंबरेएवढंच हाय गं!"

पुढचं कणीस हललं. मग एकाच जागी पाच-सहा कणसं जोरजोरात हलली आणि एकदम सगळं थांबलं. मला पोहता येत नाही. मी ओरडत होते, पण जवळपासच्या शेतात कुणी नव्हतं. पात्यांच्या फटीतून दिसलं, पाण्यावर एक हात आला, मूठभर पाती धरली, पाती उपटून आली आणि हात खाली गेला.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी बादलीची कडी वाजवायला लागले. थांबलेच नाही. पलीकडून म्हशीनं मान वर केली. ती खड्ड्यावरूनच पोहत निघाली, सरळ माझ्याकडं. ती जवळ आली तेव्हा दिसलं, मागं शेपटीला आबा लोंबकळत होते.

काठावर ते बराच वेळ खोकत पडून राहिले. पात्यांनी तळवे चिरले होते. नंतर म्हणाले, "वर नुसती मुळांची गादी तरंगून राहिलीय. पाय दिला की खाली काहीच न्हाई. एवढा खोल खड्डा घेतला कुणी?"

खोटं बोलता आलं असतं. "मी," म्हणाले, आणि रडायला लागले.

आबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी धोतर पिळलं आणि म्हणाले, "त्या साली तूर लई बेस आली व्हती."

दुसऱ्या दिवशी मी त्या खड्ड्याभोवती जमेल तिथवर काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या. पण गाळ गावानं सगळीकडून नेलाय. कुणी कुठं किती खोल घेतलं, हे कुणालाच ठाऊक नाही. आता म्हैस पाण्यात शिरली की आबा काठावरच थांबतात, पायातली चप्पलही काढत नाहीत. जन्मभर ज्या पाण्यात ते न बघता उतरले, त्याच्याकडं पाहत मला विचारतात, "हितं किती असंल गं पाणी?"