मोठ्या डोहाची राखण

कोणी डोहातली मरळ मागितली, की ती कानावरून पदर ओढून घ्यायची आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागायची. भडगावच्या बाजारात मासे विकणारी ही आमची अक्का. तुमच्याही बाजारात अशी एखादी असेल, जिच्याशी घासाघीस करायला छाती लागते.

उन्हाळ्यात गिरणा नदीची धार तुटते. पात्रात डबकी उरतात आणि पुलाखाली एक मोठा डोह. अक्का डबकी झाडून धुंडायची, डोहाकडे मात्र फिरकायची नाही.

"अक्का, डोह सातबाऱ्यावर चढवलाय का?" मी चिडवायचो.

"हासी ले, भाऊ. डबकं आज शे, सकाय नही. धरणनं पानी सुटनं का डोहमधलाच मासा बठ्ठी नदीमा जास."

आणि तसंच व्हायचं. पाणी सुटलं, डबकी जोडली गेली, की डोहातले मासे नदीभर पसरायचे आणि आठवड्याभरात तिची पाटी भरायची. दुसऱ्या कोणी डोहात जाळं टाकलं, तर काठावर उभी राहून ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यामुळे तिला फारसे मित्र नव्हते.

मग डोहाच्या खालच्या अंगाची वाळू यंत्रांनी उपसली. पाणी अडवून धरणारा उंचवटाच गेला. डोह खड्ड्याखड्ड्यांतून उतरत गेला. अक्का ओरडली, चार माणसं जमली, चहा पिऊन पांगली. मीही त्यांत होतो.

पुढच्या बाजारी तिच्या पाटीत हातभर लांबीच्या मरळी होत्या. पोटं गाभोळीनं, अंड्यांनी फुगलेली.

"ली जा, भाऊ. डोहन्या शेतस."

"अक्का, तुम्ही?"

"चिखलमा मरी जात्यात, म्हनीसन काढ्यात."

भावही तिनं धड सांगितला नाही. मी एक घेतली. घरी कालवण झालं, सगळे जेवले. चव चांगली होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

महिन्याभरानं धरणाचं पाणी सुटलं. नदी पुन्हा एक झाली. अक्का गुडघाभर पाण्यात उभी होती. जाळं टाकायची, ओढायची, शेवाळ झटकायची, पुन्हा टाकायची. मी पुलावरून बघितलं आणि कामावर गेलो.

त्यानंतर ती बाजारात दिसली नाही. पिंप्राळ्याला लेकीकडे असते म्हणे. परवा तिच्या शेजारणीला विचारलं.

"बरी शे," ती म्हणाली. "फक्त मासा खात नही आता."