मेमरी कार्डवरचा आवाज

माझ्या नोकरीतलं एक प्रकरण असं आहे, ज्याचा गुन्हा कधी दाखलच झाला नाही. तरी निवृत्तीनंतर सगळ्यात आधी तेच आठवतं, आणि आठवलं की मान खाली जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात मी ठाणेदार होतो. एका सकाळी एक राइस मिलवाले मोबाईलवर गाणं वाजवतच केबिनमध्ये शिरले. मिलच्या राखेने वस्तीतलं पाणी आणि वाळत घातलेले कपडे काळे होतात, असं एका तरुणीने रॅपमध्ये गायलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण गावात मिल एकच.

"साहेब, पोट्टी माही इज्जत काढून राह्यली!"

बदनामी वाटत असेल तर कोर्टात जा, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एका कॅसेटवाल्याला घेऊन हजर. रॅपच्या मध्ये एका पुरुषाच्या आवाजात दोन ओळी होत्या. तो आवाज आपण काढलेल्या गाण्यांच्या कॅसेटमधून चोरला, असा कॉपीराइट कायद्याखाली कॅसेटवाल्याचा लेखी अर्ज होता. सोबत कॅसेट जोडली होती. तासाभरात मला वरून फोन आला, "मिटवून टाका."

मी मुलीला नोटीस न देता फोनवरच बोलावलं. बौद्ध वस्तीतली, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी. सोबत आई होती. महिला शिपाई बसवून मी विचारपूस सुरू केली.

"आवाज कोणाचा?"

"माह्या बाबाचा. गाणे गात होते ते. दोन वर्षं झाले, गेले."

"कॅसेटवरही तेच गातात ना? मग चोरी झालीच."

"कॅसेटचा नाई साहेब, घरचा होय. मी मोबाईलवर भरला होता. ऐकून तं पाहा."

तिने लावलं. बाबा एकटेच गात होते. मध्येच कुकरची शिट्टी झाली. ते थांबले, हसले आणि म्हणाले, "अवो, गॅस बंद कर नं, पोरगी रेकॉर्डिंग करून राह्यली." समोर बसलेल्या आईने तोंडाला पदर लावला.

हवालदाराने विचारलं, "साहेब, कॅसेट ऐकाले कुठून टेप आणू काय?" मी हातानेच नको म्हटलं.

मुलीला सांगितलं, "गुन्हा दाखल झाला तर मोबाईल जप्त होईल, कोर्टाच्या चकरा लागतील, पुढे नोकरी मिळणार नाही. त्यापेक्षा गाणं काढून टाक, मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाक आणि घरी जा."

"पुसून टाक बाई," आई म्हणाली. "पोलिसाचं लचांड नको."

"एकच आहे वो माय."

तरी तिने माझ्यासमोर मोबाईलमधलं, रेकॉर्डिंग असलेलं मेमरी कार्ड फॉरमॅट केलं. एका मुलीचं आयुष्य आपण वाचवलं, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

आठ दिवसांनी हवालदाराने सासऱ्याच्या घरून टेप आणलाच. आम्ही कॅसेट लावली. गाणं तेच, पण हार्मोनियम, ढोलक आणि मागे कोरस. रॅपमधल्या ओळींमागे यातलं काहीच नव्हतं. मुलगी खरं बोलत होती. पुसलेलं रेकॉर्डिंग परत मिळतं का पाहायला तिच्याकडून कार्ड मागून मी सायबर शाखेत पाठवलं. त्यातून काही निघालं नाही.

कार्ड परत द्यायला मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "साहेब, गुन्हाच दाखल करायचा होता. मोबाईल तुमच्या मुद्देमालात पडून राह्यला असता, पण बाबा तं राह्यले असते."

तिचं बरोबर होतं. पंचनामा करून, सील लावून मोबाईल जप्त केला असता, तर कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला कोणी हात लावला नसता. मी कायदा वापरलाच नाही, फक्त त्याची भीती दाखवली आणि त्यालाच दया समजलो. मिलवाल्यांना आवाजाच्या मालकीशी देणंघेणं नाही, त्यांना मुलीला गप्प करायचं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी ते काम त्यांना करून दिलं.

मी माफी मागितली. आईने खुर्ची पुढे केली. मुलीने कार्ड घेतलं आणि ती आत निघून गेली.