नीलमची हनुवटी

करोना येऊन गेला, लोकांनी मास्क टाकून दिले, तरी नीलमच्या तोंडावरचा मास्क काही उतरला नव्हता. खानापूरजवळच्या गावातून ती रोज बसनं बेळगावच्या कॉलेजात यायची. बी.एस्सी.चं अख्खं पहिलं वर्ष सरलं, पण वर्गातल्या एकानंही तिची हनुवटी पाहिली नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "धुळीची ॲलर्जी हाय." डबा खायची तो लायब्ररीमागच्या जिन्यावर, भिंतीकडे तोंड करून.

मला ती भेटली ती माझ्या भाचीमुळे. मी टिळकवाडीत राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. पारमिता ही माझ्या निपाणीच्या बहिणीची मुलगी, वकिलीचं शिकायला माझ्याकडे आली. तिला मुलीच आवडतात हे तिनं अकरावीत असतानाच मला आणि आपल्या आईवडिलांना सांगून टाकलं होतं. केस बारीक कापलेले, चालणं दणकट, बोलणं सरळ.

कॉलेजांच्या एका एकत्र शिबिरात तिनं पाहिलं, एक मुलगी जेवणाचं ताट घेऊन पाण्याच्या टाकीमागे जातेय. पारमिता आपलं ताट घेऊन मागोमाग गेली. मुलगी दचकली, मास्क वर ओढायला लागली. पारमिता तिथंच खाली बसली, पण तिच्याकडे पाठ करून.

"मी तिकडं बघत न्हाय," ती म्हणाली. "तू जेव निवांत. आमटी लई तिखट हाय, जपून."

शिबिराचे उरलेले दिवस दोघी अशाच जेवल्या, पाठीला पाठ लावून. पुढे फोन सुरू झाले आणि मग कधीतरी पारमिता तिला आमच्या गच्चीवर घेऊन आली.

आमच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी पोरंपोरी जमतात. कुणाला मुलगे आवडतात, कुणाला मुली, कुणी मुलगा म्हणून जन्माला आलं पण आहे मुलगी. घरी बोलता येत नाही, वर्गात तर नाहीच. पारमितानं एकच नियम केलेला: इथं असेपर्यंत शरीराला नावं ठेवायची नाहीत, दुसऱ्याच्याही नाहीत आणि स्वतःच्याही नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या महिन्यात मला कळलं की ही मुलं स्वतःला किती घालूनपाडून बोलतात. स्वरूप नावाचा एक गोलमटोल मुलगा दोन वेळचं जेवण सोडून नुसत्या काकड्या खायचा. मुलग्यांनी मुलग्यांना भेटायची जी ॲप असतात, त्यांवर लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, जाड्यांनी मेसेज करू नये. आणि सौम्या. ती मुलगी आहे, पण आवाज घोगरा, म्हणून चारचौघांत तोंडच उघडायची नाही. काही हवं असलं तर बोटानं दाखवायची.

नीलम त्यांच्यात येऊन बसायची. मी भजी तळून आणली की मास्क ओठांपुरता खाली करायची, घास आत सारायची, पुन्हा वर ओढायची. कुणी काही विचारलं नाही. महिनाभर असंच चाललं.

मग एका रविवारी कुणीतरी गाण्याच्या भेंड्या काढल्या. सौम्याच्या बाजूवर भेंडी चढायची वेळ आली, 'ळ' आला होता की काय कोण जाणे, आणि कुणालाच सुचेना. तेव्हा सौम्या गायला लागली. जाड, घोगरा, खोल आवाज. जात्यावरच्या ओवीसारखं काहीतरी, तिच्या आजीचं. अक्षर जुळलंही नाही. पण भेंडी चढवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. गाणं संपलं तेव्हा स्वरूप म्हणाला, "आणि तू एवढे दिवस बोटं दाखवालतीस व्हय गं?"

सौम्या हसली. तिच्याकडे बघता बघता नीलमनं कानामागची दोरी सोडली आणि मास्क मांडीवर ठेवला.

हनुवटीवर आणि गालांच्या कडेला केस होते, काळे, खुंटासारखे. मध्ये मध्ये ब्लेडनं झालेलं लाल पुरळ, एकदोन ठिकाणी पिकलेलं. ती खाली मान घालून बसली.

सौम्या म्हणाली, "मला वाटालतं, तुला दातच न्हाईत!"

आधी नीलमच हसली. हसता हसता रडली आणि मग बोलत राहिली. पंधराव्या वर्षापासून केस येत होते. पहाटे आई गोठ्यात गेली की न्हाणीघरात आप्पांच्या रेझरनं ती कोरडीच दाढी करायची. नववीत असताना तिला वर्गातली एक मुलगी आवडली होती. आणि मग कॉलेजात मुली कुठल्याशा खेळाडूचा फोटो बघून म्हणाल्या, "मिशा बघ गं हिच्या. असल्याच बायका बायकांच्या मागं लागतात." तेव्हापासून नीलमच्या डोक्यात बसलं होतं की तिच्या मनातलंच हनुवटीवर उगवतंय, आणि हनुवटी दिसली की मनातलं सगळ्यांना दिसणार.

पारमिता तिला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासण्या केल्या, शरीरातल्या हार्मोन्सचा तोल थोडा ढळलाय म्हणाल्या, पाळीच्या गोळ्या दिल्या, पुरळाला मलम दिलं. पुरळ बसेपर्यंत ब्लेड बंद. नीलमनं धीर करून तो एक प्रश्न विचारला.

"त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही," बाई म्हणाल्या. "असे केस असलेल्या कितीतरी बायका नवऱ्याला घेऊन माझ्याकडे येतात. केस काढायचे की ठेवायचे ते तू ठरव. प्रेम कुणावर करायचं त्याला औषध लागत नाही."

पण ब्लेड बंद म्हणजे घरी दिसणार. यापुढचं नीलमनं मला सांगितलं, आणि लिहा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिची आई राजाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. नीलम ओढणी न गुंडाळता समोर जाऊन बसली. आईनं वर पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, उठून दार लोटून घेतलं. मग लेकीचा हात धरून तिनं तो स्वतःच्या हनुवटीवर ठेवला.

खरखरीत लागलं.

"माझीबी हाय," राजाबाई म्हणाली. "लगीन होऊन आल्यापासनं. चार वाजता उठतो ते काय दुधासाठी न्हाय गं. तुझ्या तोंडावर पुरळ बघितलं तवाच मला कळलं. पण बोलू कसं? माझंच कुणाला ठाऊक न्हाय."

तेवढ्यात दार ढकलून तिचे आप्पा, मष्णू, आत आले. नीलमचा हात अजून आईच्या हनुवटीवर.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि पाटावर बसले. "व्हय, आता बोलालासा ते बरं झालं. एका माणसाच्या दाढीला एवढी ब्लेडं लागत्यात व्हय? आधी दुप्पट आणत होतो, चार वर्षांपासनं तिप्पट आणतो."

राजाबाई पदर तोंडाला लावून हसली, आणि नीलम सांगते, आई अशी हसलेली तिनं आधी पाहिलीच नव्हती.

दरम्यान पारमिता आणि नीलम एकमेकींच्या झाल्या होत्या, पण ते घरी सांगायला आणखी वर्ष गेलं. शेंगा फोडताना नीलम आईला म्हणाली, तिथं बेळगावात एक पोरगी आहे, मला तिच्यासंगं राहायचंय, जन्मभर. राजाबाई बराच वेळ शेंगा फोडत राहिली.

"आप्पांस्नी मी सांगतो, तू गडबड करू नको," ती शेवटी म्हणाली. मग थांबून, "ती पोरगी तुझ्या हनुवटीला काय म्हणती?"

"म्हणती, असू दे."

"मग बरी हाय," राजाबाई म्हणाली.

आप्पा महिनाभर पहाटेच शेतावर जायचे, अंधारात परतायचे. मग एका बाजाराच्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले, खांद्यावर रताळ्यांचं पोतं. "पोरं येत्यात न्हवं तुमच्याकडं," एवढंच म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

नीलम आता एम.एस्सी. करते. कधी केस काढते, कधी राहू देते. रविवारची मंडळी आता तीच सांभाळते, कारण पारमिता कोर्टकचेरीत अडकलेली. एका कॉलेजनं तिला मुलींच्या हॉस्टेलवर बोलायला बोलावलं. गेली, आणि हनुवटीपासूनच सुरुवात केली. स्वरूप आता जेवतो. सौम्यानं बँकेच्या परीक्षेची मुलाखत आपल्याच आवाजात दिली, निकाल यायचाय. सगळं सुरळीत झालंय असं नाही. बसमध्ये आजही लोक नीलमकडे टक लावून बघतात, आणि एखाद्या दिवशी ती गप्प गप्पच येते.

मी आयुष्यभर शाळेत पोरं पाहिली, पण म्हातारपणी ही गच्ची मिळाली हे माझं भाग्यच. तुला कुणी सावरलं असं नीलमला विचारलं तर ती पारमिताचं नाव घेते, सौम्याचं घेते, डॉक्टरीणबाईंचं घेते, आणि आईवडिलांचं नाव आलं की त्या तिप्पट ब्लेडांची गोष्ट पुन्हा सांगते.

परवा भजी तळताना तिचा फोन वाजला. हात पिठात बुडालेले, म्हणून तिनं मला उचलायला सांगितला. राजाबाई होती.

"पोरं आलीत काय?"

"आलीत की."

"समद्यांस्नी पोटभर घाला हां, बाई," ती म्हणाली. "आणि त्या काकडी खाणाऱ्या पोराला दोन भजी जास्त."