न बोलावलेली करवली

मी बारा वर्षांची होते आणि माझ्यासाठी नवरा ठरवून ठेवलेला होता. नवरा म्हणजे कोण, तर माझा सख्खा मामा. भाची मामाला द्यायची आमच्याकडे रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. वाटलं ते फक्त माझ्या आईला. दिवाळीत आजोबांनी विषय काढला तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं, पोरगी शिकणार हाय, दुसरी बघा. आजोबांनी दुसरी बघितली आणि आईशी बोलणं टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळात अडलेली लग्नं पुढच्या उन्हाळ्यांत उरकत होती. सुट्ट्या लागल्या की मानवतला आमच्या गल्लीत लेकीबाळींना माहेरी न्यायला रोज कुणाचा तरी मुराळी यायचा. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. मामाच्या लग्नाची तारीख कळली ती बाजारात, गावाकडच्या कासारणीकडून. वडील म्हणाले, न बोलावता जाऊ नये, शोभा होईल.

"माझ्याच भावाच्या लग्नाला मला आवतन कशाला लागतंय?" आई म्हणाली आणि ट्रंक भरायला बसली.

ज्या पोरीवरून एवढं रामायण झालं तिलाच नवं परकर-पोलकं घालून मिरवत न्यायचं, अशी ही बाई. मला लय आनंद झाला. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू?

राणीसावरगावला आजोळच्या मांडवात आम्हाला बघून आजोबांनी तोंड फिरवलं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. करवलीचा दिवा चुलत मावशीच्या हातात होता, तो आईनं सरळ काढून घेतला आणि मामाच्या मागं जाऊन उभी राहिली. नवरी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होती.

लग्न लागलं. नवरानवरी उंबऱ्याशी आले. इथं नवऱ्याची बहीण दार अडवते आणि नवरीला विचारते, तुझी लेक माझ्या लेकाला देशील का? नवरी हो म्हणते, बाया हसतात आणि जोडपं आत जातं. आजोबांनी चुलत मावशीला पुढं केलं, पण आई आधीच चौकटीला दोन्ही हात लावून उभी होती.

"मी तुझी लेक मागत न्हाई," ती नवरीला म्हणाली. "लेक झाली तर तिला शाळंत घालशील का, तेवढं सांग. मग आत ये."

आजोबांनी दरडावलं, बाजूला सर. आई तसूभर हलली नाही. तेवढ्यात नवरीनं मान वर केली.

"घालीन की," ती म्हणाली. "पण मला कोण घालंल? माझी सातवी झालीय."

आईनं हात खाली घेतले. माझ्या जागी ही नवरी उभी होती, म्हणून तर मी सुटले होते.

जूनमध्ये आईनं आठवीची पुस्तकं विकत घेतली आणि वर मामीचं नाव घालून पोस्टानं पाठवली. आजोबांनी ती न घेताच परत केली. आईनं पुन्हा पाठवली.